आयपीवरून नाव निघत नसेल तर टूल बदलू नका, आधी ती नोंद कोणाकडे आहे ते पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमच्या शेतकरी कंपनीची साइट आहे, रोजचे कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव त्यावर टाकता, सर्व्हर ऑफिसातच ठेवलाय, त्यावर अपाची (साइट लोकांना दाखवणारा प्रोग्राम) चालते आणि लॉगमध्ये, म्हणजे कोण येऊन गेलं त्या नोंदवहीत, नुसते आयपी नंबर (इंटरनेटवरचे मशीनचे पत्ते) येतात. संचालकांना पाह्यजे की कोणत्या गावातून लोकं भाव पाहतात, म्हणून तुम्ही महिन्याभराच्या लॉगवर लॉगरिझॉल्व (लॉगमधल्या नंबरांची नावं शोधणारं टूल) लावलं, रात्री अकराला सुरू केलं ते सकाळी चहाच्या वेळेपर्यंत चालूच. जे निघालं त्यात निम्म्या ओळींत नंबरचा नंबरच राहिला, आणि ऑफिसातल्या १९२.१६८ वाल्या मशीनपैकी तर एकाचंही नाव आलं नाही. आता तुम्ही विचारता की याच्यापेक्षा चांगलं टूल कोणतं.

टूल बरोबर आहे भाऊ. मी सोळा वर्षं झाली दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात जिनिंग, पतसंस्था, कॉलेजच्या लॅब यांचं नेटवर्क पाहतो, आणि हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो, आणि दर वेळी माणूस टूल बदलत बसतो. डिग लावा, होस्ट लावा, एनएसलुकअप लावा, नाव विचारायच्या या सगळ्या कमांड एकाच दारात जाऊन विचारतात. त्या दारात नोंदच नसेल तर कोणतंही टूल नाव कुठून आणणार. म्हणून आधी दार कोणतं ते समजून घ्या. (खाली कमांड मी फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.)

तलाठ्याच्या दप्तराचं घ्या. गट नंबर घेऊन गेलं की सातबारा निघतो, त्यावर मालकाचं नाव असतं. नाव घेऊन गेलं की आठ-अ निघतो, त्या खातेदाराच्या नावावर कुठकुठली जमीन आहे ते. डीएनएसमध्येही (इंटरनेटवरची नावं आणि नंबर यांची जोडी सांगणारी व्यवस्था) अशीच दोन रजिस्टरं आहेत. नावावरून नंबर देणारी नोंद म्हणजे ए रेकॉर्ड, नंबरवरून नाव देणारी नोंद म्हणजे पीटीआर रेकॉर्ड. पण सातबारा आणि आठ-अ दोन्ही एकाच तलाठ्याकडे असतात, डीएनएसमध्ये तसं नाही, आणि सगळी गडबड इथंच होते. नावाचं रजिस्टर डोमेन ज्याचं त्याच्याकडे. नंबरचं रजिस्टर मात्र आयपीचा ब्लॉक (नंबरांचा गठ्ठा) ज्याच्या नावावर मिळाला त्याच्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे. दोघांनी एकमेकाला विचारायची सक्ती नाही. एकानं नोंद केली आणि दुसऱ्यानं केलीच नाही असं सर्रास असतं. आणि जमीन विकली पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं, तसंच इथंही, आयपी दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जाऊन दोन वर्षं झाली तरी पीटीआर जुन्याच नावाचा निघतो.

विचारायची पद्धत पण जरा पाहून घ्या. डीएनएसचं नाव वाचताना मोठा भाग शेवटी येतो, आधी मशीन, मग संस्था, मग डॉट इन. आयपीमध्ये उलट, मोठा ब्लॉक आधी आणि शेवटचा आकडा म्हणजे एक मशीन. त्यामुळे आयपीवरून नाव विचारायचं तर आकडे उलटे करून मागं इन-अ‍ॅडर डॉट आर्पा लावतात. २०३.०.११३.२५ साठी प्रश्न जातो २५.११३.०.२०३ डॉट इन-अ‍ॅडर डॉट आर्पा असा. (२०३.०.११३ हा ब्लॉक उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, तुम्ही टाकून पाहाल तर काही निघणार नाही.) पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं, १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदामध्ये ही उलट्या आकड्यांची रीत आहे, आणि त्याच कागदात आणखी एक रीत होती, इन्व्हर्स क्वेरी नावाची, म्हणजे सर्व्हरलाच उत्तर देऊन त्याचा प्रश्न विचारायचा. ती चाललीच नाही, काहून की कोणत्या सर्व्हरला विचारायचं तेच कळत नव्हतं, सगळ्या जिल्ह्यातल्या तलाठ्यांना एकेक करून विचारत फिरल्यासारखं. २००२ मध्ये ती अधिकृतपणे मोडीत काढली. उलट्या आकड्यांची रीत टिकली कारण तिच्यात कोणाकडे जायचं ते नावातच लिहिलेलं असतं.

आता टूल. एका आयपीसाठी मी डिग वापरतो: डिग, स्पेस, डॅश एक्स, स्पेस, आयपी. ८.८.८.८ टाकून पाहा, डीएनएस डॉट गूगल येईल. १.१.१.१ टाका, वन डॉट वन डॉट वन डॉट वन येईल. बऱ्याच जणांना शेवटी प्लस शॉर्ट लावायची सवय असते म्हणजे नुसतं नाव निघतं, पण तुमच्यासारख्या कामात प्लस शॉर्ट लावू नका. कारण नाव नसलं की ते काहीच छापत नाही, आणि काहूनच नाही ते कळत नाही. प्लस शॉर्ट काढलं की वरच्या भागात स्टेटस दिसतं आणि सगळी गंमत त्या एका शब्दात असते. नोएरर आणि खाली उत्तर, म्हणजे नाव मिळालं. एनएक्सडोमेन, म्हणजे ज्याचं रजिस्टर आहे त्यानं स्पष्ट सांगितलं की या नंबरची नोंद नाही. सर्व्हफेल, म्हणजे बहुतेक वेळा रजिस्टर कोणाकडे आहे ते कळलं पण तो सर्व्हर बंद आहे किंवा बिघडलेला आहे. आणि टाइमआउट, म्हणजे कोणी बोललंच नाही. एनएक्सडोमेनला दहा वेळा विचारून फायदा नाही. टाइमआउटवाले मात्र दुसऱ्या दिवशी परत विचारून पाहावेत, त्यातले काही निघतात.

एनएक्सडोमेन आलं तरी हात रिकामे नसतात. खाली अथॉरिटी सेक्शनमध्ये एसओए नावाची ओळ येते, तिच्यात त्या ब्लॉकचं रजिस्टर सांभाळणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं. मशीनचं नाव नाही मिळालं पण घर कोणाचं ते कळलं. त्याहून पक्कं पाह्यजे असेल तर हूइज कमांडला तो आयपी द्या, ब्लॉक कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते निघतं. आपल्याकडचे ब्लॉक एपनिककडून (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणारी संस्था) किंवा त्यांच्याच अंगानं भारतात चालणाऱ्या आयआरआयएनएनकडून दिलेले असतात. तुमच्या संचालकांना 'कोणत्या कंपनीच्या नेटवरून लोकं येतात' एवढं हवं असेल तर पीटीआरपेक्षा हूइजचं उत्तर जास्त भरवशाचं.

होस्ट कमांड म्हणजे हेच काम, लिहायला सोपी. विंडोजवर एनएसलुकअप आहे. पण गेटेंट वेगळी आहे आणि ती माहीत असायलाच पाह्यजे. गेटेंट, स्पेस, होस्ट्स, स्पेस, आयपी. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो, मशीनवरची होस्ट्स फाइल (आपण हातानं लिहिलेली नंबर आणि नावांची यादी) तो उघडूनही पाहत नाही. गेटेंट मात्र तुमचा लिनक्स जसा विचारतो तसाच विचारते, आधी होस्ट्स फाइल, मग डीएनएस. अपाची, डेटाबेस, लॉगरिझॉल्व हे सगळे या दुसऱ्या वाटेनं जातात. त्यामुळे डिग नाव देतो आणि प्रोग्राम देत नाही किंवा उलटं, असं झालं की दोन्ही लावून पाहा, फरक कुठं आहे ते लगेच सापडतं.

आता तुमची रात्र कुठं गेली ते. लॉगरिझॉल्व एक नंबर घेतो, विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढचा. एकदा विचारलेला नंबर तो लक्षात ठेवतो, परत विचारत नाही, हे त्यातलं चांगलं. पण उत्तर न देणाऱ्या नंबरवर तो पूर्ण वेळ थांबतो. लिनक्सच्या रिझॉल्व्हरची (नाव विचारायला जाणारा त्याचा भाग) ठरलेली वेळ ५ सेकंद आणि २ खेपा, म्हणजे एकच नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर) लिहिलेला असेल तर एका मुक्या नंबरमागे १० सेकंद. समजा वेगवेगळे नंबर ४,००० आहेत आणि त्यातले निम्मे मुके निघाले, तर २,००० गुणिले १० म्हणजे २०,००० सेकंद, साडेपाच तासांच्या वर. नंबर थोडे जास्त असले की झाली सकाळ.

मी काय करतो ते सांगतो. आधी लॉगमधला पहिला कॉलम ऑक या कमांडनं काढायचा, सॉर्ट डॅश यू मधून न्यायचा, म्हणजे एक नंबर एकदाच राहतो. त्यातून १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ वाले बाजूला काढायचे, त्यांची नावं बाहेर कोणाकडेच नसतात. उरलेल्यांसाठी एक लहान शेल स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) लिहायची जी एक आयपी घेते, डिगला प्लस टाइम बरोबर २ आणि प्लस ट्राइज बरोबर १ लावून विचारते, आणि आयपी, स्टेटस, नाव एवढं एकाच ओळीत छापते. टाइमआउट झाला तर डिग ९ हा एक्झिट कोड देतो, त्या वेळी स्क्रिप्टनं स्टेटसच्या जागी मुका असं छापायचं. मग एक्सआर्ग्जला (यादीतले नंबर दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) डॅश एन १ आणि डॅश कॅपिटल पी २० लावून ही स्क्रिप्ट द्यायची, म्हणजे एकाच वेळी वीस जण विचारायला निघतात. वरचाच हिशेब धरा, २,००० मुके, प्रत्येकी २ सेकंद, वीस जणांत वाटले, २०० सेकंद. साडेतीन मिनिटांच्या आत. एकाच ओळीत छापा हे मुद्दाम सांगतो, वीस जण चार-चार ओळी छापायला लागले की कोणाची ओळ कोणाच्या खाली गेली काही कळत नाही, माझी एक अख्खी फाइल अशी गेली होती आणि परत करावी लागली. वीसचे दोनशे करू नका. आपल्या तालुक्याच्या लाइनवर आणि ऑफिसच्या राउटरवर तेवढा भार टाकला की राउटरच उत्तरं गाळायला लागतो आणि चांगले नंबरही मुके दिसतात.

कोणी म्हणेल की लॉग लिहितानाच अपाचीला नाव लिहायला सांगा, होस्टनेमलुकअप्स ऑन करा. करू नका भाऊ. अपाचीनंच ते १.३ व्हर्जनपासून आपोआप बंद ठेवलंय, कारण प्रत्येक भाव पाहणारा माणूस त्याचं नाव सापडेपर्यंत ताटकळतो. आणि एक आडबाजूची गोष्ट, साइटच्या आतल्या भागाला तुम्ही नावावरून परवानगी लावली असेल, म्हणजे रिक्वायर होस्ट लिहिलं असेल, तर होस्टनेमलुकअप्स बंद असलं तरी अपाची तिथं नाव शोधतोच, दोन्ही बाजूंनी. तिथं आयपीवरून परवानगी द्या. तसंच साइटच्या पुढं दुसरा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) बसवलेला असेल तर पहिल्या कॉलममध्ये सगळीकडे प्रॉक्सीचाच नंबर येतो, तेव्हा रिमोटआयपी मॉड्यूल लावून खरा नंबर लॉगमध्ये आणा, नाहीतर नाव काढायचा खटाटोप वाया.

नाव मिळालं म्हणजे खरं मिळालं असं पण धरू नका. पीटीआरमध्ये ब्लॉकवाला काहीही लिहू शकतो, त्याला कोणी अडवत नाही. म्हणून दोन्ही रजिस्टरं पाहायची. कोणी स्वतःला गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) म्हणवून साइटवर आला, तर ६६.२४९.६६.१ सारखा नंबर डिगला द्या, क्रॉल-६६-२४९-६६-१ डॉट गूगलबॉट डॉट कॉम असं नाव येईल, मग ते नाव परत डिगला साधं द्या, नंबर तोच आला पाह्यजे. आला तर खरा. कोणी आपल्या ब्लॉकवर गूगलबॉट लिहून ठेवलं तरी गूगलच्या डोमेनच्या रजिस्टरमध्ये तो आपला नंबर घुसवू शकत नाही, तिथं तो पकडला जातो. लॉगरिझॉल्वला डॅश सी लावलं की तो ही उलटतपासणी स्वतः करतो.

आता संचालकांचा मुख्य प्रश्न, कोणत्या गावातून. हे पीटीआरवरून निघणार नाही, आणि तसा रिपोर्ट तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. पहिलं म्हणजे मोबाइलवाले कंपनीच्या एका नंबरमागे शेकडोनं असतात, त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा वेगळा ब्लॉक २०१२ मध्ये राखून ठेवलाय, तो कंपनीच्या आत चालतो आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एक नंबर दिसतो. तुमच्या लॉगमधला एक नंबर म्हणजे एक शेतकरी नव्हे. दुसरं, नावात एखाद्या शहराचं नाव दिसलं तरी ते कंपनीचं मशीन जिथं आहे तिथलं, माणूस बसलाय घाटंजीच्या एखाद्या खेड्यात आणि नाव नागपूर किंवा मुंबईचं. मी एका ठिकाणी असा गावनिहाय तक्ता पाहिलाय, त्यावरून एका भागात प्रचाराची गाडीच पाठवली नाही, 'तिथून कोणी पाहतच नाही' म्हणून. त्या भागातली पोरं रोज भाव पाहत होती. भावाच्या पानावर 'तुमचा तालुका निवडा' असा एक डबा ठेवा, शेतकरी स्वतः सांगेल, ते उत्तर कोणत्याही कमांडपेक्षा पक्कं.

राहिला ऑफिसातल्या मशीनचा विषय, आणि मला वाटतं तुमचं खरं काम इथंच आहे. १९२.१६८ चे नंबर घरोघरी तेच असतात, त्यांचं रजिस्टर बाहेर कोणी ठेवू शकत नाही. ते रजिस्टर तुम्हीच लिहायचं. आणि ते नसलं की काय होतं ते एका जिनिंगवर पाहिलंय. डिसेंबरचा महिना, कापसाच्या गाड्यांची रांग गेटच्या बाहेर रोडपर्यंत, आणि वजनकाट्यावरची पावती निघायला दहा-दहा सेकंद लागायला लागले. मालक म्हणे केबल खराब आहे, काट्यावरचा पोरगा म्हणे प्रिंटर गेला. केबल बदलली, स्विच बदलला, तेच. मी सर्व्हरवर बसून वेळ मोजणारी टाइम कमांड लावून गेटेंटला काट्याच्या मशीनचा नंबर दिला, १९२.१६८.१.४०. काही न छापता परत आला, आणि खाली वेळ १० सेकंदाच्या थोडी वर. पुन्हा लावलं, पुन्हा १०. तिथंच कळलं. सकाळी रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली होती, बाहेरचा डीएनएस उत्तर देत नव्हता, आणि डेटाबेस होता मायएसक्यूएल, तो ठरलेल्या सेटिंगमध्ये प्रत्येक नव्या कनेक्शनचा आयपी घेऊन नाव शोधायला जातो. दर पावतीला नवं कनेक्शन, दर कनेक्शनला १० सेकंद. ते सेटिंग आधीच बंद करायला पाह्यजे होतं, ते माझंच काम होतं आणि राहून गेलं होतं. होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहिली, नंबर आणि पुढं काटा, आणि पुढची पावती बटण दाबल्याबरोबर निघाली. रात्री गाड्या संपल्यावर स्किप नेम रिझॉल्व (नाव शोधायला जाऊ नको असं सेटिंग) लावून डेटाबेस परत सुरू केला. ते लावताना एक पाहा, युजरची परवानगी मशीनच्या नावावर दिली असेल तर ती चालणार नाही, आयपीवर देऊन ठेवा.

चार-पाच मशीन असतील तर होस्ट्स फाइल पुरते. तुमच्याकडे पंधरा-वीस असतील, म्हणून डीएनएसमास्क हा प्रोग्राम बसवा, जुन्या पीसीवरही चालतो. तो आयपी वाटतो आणि वाटलेल्या आयपीचं नाव पण स्वतःच लिहून ठेवतो, मशीननं आपलं नाव सांगितलं की झालं. प्रिंटर, कॅमेरे, काटा यांना त्याच्या कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) डीएचसीपी-होस्टच्या ओळीत मॅक (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा कायमचा नंबर), नाव आणि पक्का नंबर बांधून द्या. बोगस-प्रिव्ह हा शब्द कॉन्फिगमध्ये जरूर टाका, म्हणजे नोंद नसलेल्या आतल्या नंबरचा प्रश्न बाहेर जात नाही, तिथल्या तिथं नाही असं उत्तर मिळतं, लाइन तुटली तरी कोणी दहा सेकंद थांबत नाही. डोमेनचं नाव डॉट लोकल ठेवू नका, ते दुसऱ्या पद्धतीसाठी राखीव आहे आणि काही मशीन गोंधळतात. डॉट इंटर्नल ठेवा, आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनं २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठीच सोडलंय. मग सर्व्हरच्या रिझॉल्व्ह कॉन्फमध्ये (नाव कोणाला विचारायचं ते लिहिलेली फाइल) डीएनएसमास्कच्याच मशीनचा नंबर लिहा, आणि लॉगरिझॉल्व परत लावा, ऑफिसातल्या सगळ्यांची नावं येतील.

उद्या आधी एवढंच करा, सॉर्ट डॅश यू नंतर बाहेरचे नंबर किती उरले, आणि त्यात एनएक्सडोमेन किती, सर्व्हफेल किती, मुके किती, हे चार आकडे इथं टाका. मुके खूप जास्त निघाले तर ते एकाच ब्लॉकचे आहेत का ते पण पाहून ठेवा, तसं असेल तर डिगला थेट त्या ब्लॉकच्या नेमसर्व्हरला विचारायला कसं लावायचं ते मी सांगतो.